एक ना धड, भाराभर चिंध्या?

आमच्या सचिनमध्ये कापडाच्या मिल आणि रसायनांचे कारखाने शेजारीशेजारी आहेत. चिंध्यांचे आम्हाला नवल नाही. तरी एखादा हुशार मुलगा चार विषयांत रमू लागला, की घरातली मोठी माणसे त्याला हीच म्हण ऐकवतात. खरेच, शास्त्रज्ञाने एकाच विषयात खोल जावे, की अनेक विषयांत हिंडावे?

अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. नाणी हातोहात फिरताना झिजतात, हे धरून त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली आणि वजनातल्या घटीवरून त्यांचा काळक्रम लावला. १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी दिले. पिकांच्या संशोधनात ते आजही वापरतात. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनीच सिद्ध केली. नाणी असोत वा जनुके, हातातले हत्यार एकच होते: गणित.

पण याच कोसंबींनी पुढे रीमानचा प्रसिद्ध कूटप्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सोडवल्याचा दावा केला, तो गणितज्ञांनी स्वीकारला नाही. एका क्षेत्रातली पद्धत दुसऱ्या प्रश्नाला लावली, तरी उत्तराची पारख त्या प्रश्नाचे जाणकारच करतात. नाव मोठे म्हणून सूट मिळत नाही.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे आमच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रासायनिक कचरा सोडला गेला. विषारी वायू पसरून ६ कामगार दगावले. कशात काय मिसळले की वायू तयार होतो, हे रसायनतज्ज्ञ सांगेल. तो शरीरात काय करतो, हे डॉक्टर सांगेल. नाला कुठून कुठे वाहतो, हे अभियंता सांगेल. पण शेजारच्या मिलमध्ये रात्रपाळी चालू असते, हे तिघांनीही लक्षात ठेवायला हवे.

म्हणून विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो: आधी एक विषय इतका पक्का करा, की त्यातली चूक तुमची तुम्हाला सापडेल. मग खुशाल दुसऱ्या विषयात शिरा. मात्र तिथल्या जाणत्या माणसाकडून आपले काम तपासून घ्यायला लाजू नका.