भेंडीला खत किती? बागवानांनीही विचारायला हवे

भेंडीला खत किती घालायचे हा शेतकऱ्याचा प्रश्न, आपण फक्त माल घ्यायचा आणि विकायचा, असे आपले बरेच बागवान बांधव समजतात. आम्हाला ते पटत नाही. हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याला बी-खतासाठी उचल देणारे व्यापारी आपल्यात कमी नाहीत. ज्या पिकात आपला पैसा अडकला आहे, त्याच्या खताचा हिशेब आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे.

महाराष्ट्रात भेंडीसाठी साधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. म्हणजे एकरी ४० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के असते, तेव्हा ८७ किलो युरिया लागतो. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. म्हणजे दोन गोण्यांत काम भागले. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्या आणि पालाशसाठी सुमारे ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. ही दोन्ही खते पेरणीच्या वेळीच द्यायची. युरिया मात्र निम्मा तेव्हा आणि निम्मा महिन्याभराने. शेणखत त्याआधीच मातीत मिसळलेले असावे. माती तपासून घेतली असेल तर या आकड्यांत फेरफार होतो, आणि तो करावाच.

प्रत्यक्षात घडते ते निराळे. १९९२ साली सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरील किंमत-नियंत्रण उठवले, युरियावरचे ठेवले. युरिया स्वस्त राहिला आणि शेतकऱ्याचा हात साहजिकच तिकडे वळला. त्यातून युरियाचा गुण डोळ्यांना लगेच दिसतो, आठवड्याभरात पिकाला काळोखी येते. पोटॅशचे काम असे दिसत नाही, म्हणून ते आधी वगळले जाते.

नत्र कमी पडले तर झाड खुरटते, पाने पिवळी पडतात आणि तोडे लवकर आटोपतात. पुरेसे मिळाले की उंची, फांद्या, फळे सारेच वाढते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढची गोणी पाल्यात जाते, फुले उशिरा लागतात आणि लुसलुशीत पानांवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी तुटून पडतात. पांढरी माशी केवडा रोग पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या, फळे पिवळट. असा माल बाजारात कोण उचलणार? परभणी क्रांतीसारखा वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच काढला गेला.

कीड वाढली की फवारणी आलीच. भेंडी तर एक-दोन दिवसांआड तोडावी लागते, औषधाचा अंश उतरायला सवड मिळत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमात भारतीय भेंडी कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत घातली. परदेशी माल पाठवणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता खाणाऱ्याचे. भेंडीत मुळातच सुमारे ९० टक्के पाणी. नत्र बेसुमार झाले की भाज्यांत पाणी वाढते, घन अंश आणि क जीवनसत्त्व घटते, नायट्रेट साठते. वजनाला माल भरतो, पण टिकाऊपणा जातो. पोटॅशने मात्र मालाची प्रत सुधारते. भेंडी दोरीसारखी चिवट निघाली तर तो दोष बहुधा खताचा नसून उशिरा केलेल्या तोडणीचा असतो. फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांत फळ निघायला हवे.

तेव्हा उचल देताना कोणते खत घेणार हे विचारावे. जमल्यास रोख रकमेचा काही भाग पोटॅशच्या रूपातच द्यावा. आणि युरियाच्या तिसऱ्या गोणीसाठी कोणी पैसे मागितले, तर देण्याआधी एकदा शेतात जाऊन पानांची खालची बाजू उलटून पाहावी; पांढरी माशी तिथेच बसलेली असते.