कालवडीची एकच लस

धूलकोटसारख्या सातपुड्यातील गावी सात महिन्यांची गाभण गाय गाभडली, की शेतकरी दैवाला बोल लावतो. दोष पुष्कळदा ब्रुसेला नामक जंतूचा असतो. पडलेला गर्भ व वार यांतून तो गोठाभर पसरतो; कच्च्या दुधावाटे माणसालाही वारंवार उलटणारा ताप जडवितो.

यावरील लस कालवडीला व पारडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच टोचतात. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती विनामूल्य मिळते. लशीतील जंतू जिवंत, परंतु दुबळे केलेले असतात; म्हणून गोऱ्ह्यांना व गाभण जनावरांना ती देत नाहीत. कालवडीचा जन्मदिवस गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. टळलेली वेळ पुन्हा येत नाही.