काटा कॅमेऱ्यासमोर आणा

काल भरलेल्या फॉर्ममध्ये वजन ७८ किलो, उंची पाच फूट चार इंच. बीएमआय साडेएकोणतीस, सोबत कुठलाही आजार नाही, म्हणून वजन उतरवणारं इंजेक्शन बसत नाही असं कळवलं. आज त्याच ताईंचा नवा फॉर्म आलाय. वजन ८२ किलो. एका रात्रीत बीएमआय ३१.

मला राग येत नाही. रील पाहून आलेल्या माणसाला कटऑफ आधीच पाठ असतो. ३०, किंवा २७ आणि जोडीला रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी. सेमाग्लुटाइड असो वा टिर्झेपाटाइड, वजनासाठी हाच निकष. लठ्ठपणावरच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, पण रीलला ते कोण सांगणार? उलट लाजेपोटी दहा किलो कमी लिहिणारेही येतात, विशेषतः पुरुष. मी व्हिडिओ कॉलवरची डॉक्टर, त्यामुळे ज्या दोन आकड्यांवर सगळं ठरतं, तेच मला स्वतःला मोजता येत नाहीत. ते पेशंटकडून नीट मोजून घेणं हे माझं निम्मं काम.

“काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. आधी रिकाम्या काट्यावरचा शून्य दाखवा. आता चपला काढून चढा. दादा, फोन जरा खाली घ्या, आकडा दिसू दे.” दादा म्हणजे नवरा, भाऊ, कुणीही, फोन धरायला घरातलं माणूस लागतंच. उंचीसाठी टाचा भिंतीला, डोक्यावर आडवं पुस्तक, पेन्सिलीची खूण. कमरेसाठी शिवणकामाची टेप, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढलं की व्हिडिओतही कळतं. काटा नसेल तर जवळच्या दवाखान्यात मोजून या, उद्या बोलू, असं सांगते. त्यातले पुष्कळ जण पुन्हा फिरकत नाहीत.

ब्रिटनमधल्या फार्मसींच्या नियामकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑनलाइन दुकानांना बजावलं, की वजनाचं औषध नुसत्या प्रश्नावलीवर देऊ नका, वजन-उंचीची वेगळी खातरजमा करा. आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २५ मार्च २०२० ची, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवसाची. पेशंटची ओळख पटवा, प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक लिहा, प्रत्यक्ष तपासायला हवं असं वाटलं तर बोलावून घ्या. तसं कधी वाटावं, हे डॉक्टरच्या अकलेवर सोडलंय. मला ते योग्यच वाटतं. पण दर पंधरा मिनिटांनी नवा पेशंट पुढ्यात आला की त्या अकलेचं काय होतं, तेही मी रोज अनुभवते.

माझा काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा आहे, आणि त्याचं कारण पुण्यातलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांचा जोडीनं काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा आपल्याकडचा माणूस बीएमआयला सापडतच नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर किंवा बायकांची ८० ओलांडून गेली, की इंजेक्शन बसत नसलं तरी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं म्हणून मी फोन ठेवत नाही. साखर, लिपिड, लिव्हरच्या तपासण्या लिहून देते.

‘कुटुंबात थायरॉइडचा कर्करोग आहे का’ या प्रश्नापुढे सगळे ‘नाही’वर टिक करतात. मी विचारते, “आई, मावशी, आत्या, काका, कुणाच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय?” जरा वेळानं आतल्या खोलीतून आवाज येतो, “अगं, नागपूरच्या आत्याचं नाही का झालं!” मग त्या ऑपरेशनचे कागद मागवायचे. बहुतेकदा साधी गाठ निघते. मेड्युलरी कर्करोग निघाला तर ही दोन्ही औषधं बाद. कागद येईपर्यंत प्रिस्क्रिप्शन नाही, मग पेशंट कितीही वैतागो.

चालू औषधंही तोंडी विचारून भागत नाही. “गोळ्यांचा डबा पालथा करा,” म्हणते. पलंगावर पसरलेल्या पाकिटांत ग्लिमेपिराइड दिसली की सावध व्हायचं. इंजेक्शनच्या जोडीनं साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून त्या गोळीचं आधी बघावं लागतं.

बायकांना पुढचं विचारण्याआधी इअरफोन लावायला सांगते. पाळी कधी आली, मूल हवंय का, कधी. सासूबाई शेजारी असतील तर खरं उत्तर येत नाही. अशा वेळी चॅटमध्ये नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. त्यात पीसीओडी असलेल्या मुलीची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते, आणि ‘मला कुठे दिवस राहतात’ म्हणणारीला दिवस राहतात.

लग्नसराईत मुलींच्या आयांचे कॉल येतात. बीएमआय २४, मुलगी मागे उभी. “मॅडम, एकच महिना द्या हो, ब्लाउज बसला पाहिजे.” मी सांगते, की सेमाग्लुटाइडचा पहिल्या महिन्याचा ०.२५ मिलिग्रॅमचा डोस शरीराला सवय लावायला असतो, २.४ च्या पूर्ण डोसपर्यंत पोचायला चार महिने लागतात. तुमच्या हिशेबानंही हे जमत नाही. मग आईला बाहेर जायला सांगून मुलीला एकटीला विचारते, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का? याचं उत्तर कधीकधी ‘हो’ येतं. तिथून पुढचा कॉल वजनाचा राहत नाही.

पैशांचंही विचारते. मार्च २०२५ मध्ये माउंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइड, भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी डोसची कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. दोन महिन्यांपुरतीच ऐपत असेल तर सुरू न केलेलं बरं, असं माझं मत आहे, आणि ते मी पेशंटला स्पष्ट सांगते.

एवढ्यातून जो पार होतो त्याचं प्रिस्क्रिप्शन लिहिते. इंजेक्शन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. मळमळेल, थोडं थोडं खा. शेवटची सूचना पेशंटकडून वदवून घेतल्याशिवाय कॉल बंद करत नाही.

“काका, पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत गेली, तर काय करायचं?”

“तुम्हाला मेसेज करायचा.”

“नाही. इंजेक्शन बंद, आणि थेट हॉस्पिटल. परत सांगा.”