चिलिका सरोवरांतील नौकाप्रवास

गेल्या पौषांत ओडिशांत जाण्याचा योग आला असतां चिलिका सरोवर पाहिलें. आपण शेतकरी, मासेमारीशीं आपला संबंध काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु तेथें जें पाहिलें त्यांत आपल्या धंद्यास लागू पडणारें पुष्कळ आहे; म्हणून ही हकीकत लिहीत आहें.

सकाळीं रंभा येथून यंत्राच्या होडींतून निघालों. डाव्या हातास पूर्वघाटाचे डोंगर, समोर नजर पोहोंचेपर्यंत पाणी. पावसाळ्यांत या सरोवराचा विस्तार सुमारे 1165 चौरस किलोमीटर होतो व उन्हाळ्यांत तो सुमारे 900 वर येतो. महानदीच्या दया, भार्गवी इत्यादि शाखांचें गोडें पाणी आणि बंगालच्या उपसागराचें खारें पाणी येथें एकत्र होतें. कोळंबी, खेकडे, बोय व जिताडा यांची वाढ या मिश्रणावरच अवलंबून आहे. वाटेंत कालीजाई देवीचें बेट लागलें. नावाड्यानें हात जोडले. दुपारीं बालुगांवास पोहोंचलों.

हें गांव लोहमार्गावर असल्यामुळें येथील मासळी दूरदूर जाते. धक्क्यावर होड्यांची दाटी, वाळत घातलेलीं जाळीं, बर्फाच्या पेट्या आणि भावाची घासाघीस चालू होती. आपल्या बाजारपेठेचीच आठवण झाली. सरोवरावर दीडशेंहून अधिक गांवांतील सुमारे 2 लाख लोकांचें पोट आहे.

आमचा म्हातारा नावाडी मोडक्यातोडक्या हिंदींत म्हणाला, “बाबू, नद्या तुम्हां शेतकऱ्यांची माती आणून आमच्या घरांत टाकतात.” हें बोलणें मला लागलें, पण तें खरें होतें. गाळानें सरोवराचें समुद्राकडील मुख भरत गेलें, खारें पाणी आंत येईनासें झालें, पाणवनस्पति माजल्या आणि मासळी घटली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमि म्हणून 1981 सालीं गणलेलें हें सरोवर 1993 सालीं धोक्यांतील स्थळांच्या यादींत गेलें. शेवटीं सप्टेंबर 2000 मध्यें समुद्राकडे नवें मुख खणण्यांत आलें. 1999-2000 सालीं सुमारे 1700 टन असलेली मासळी 2001-02 सालीं सुमारे 12,000 टनांवर गेली, आणि 2002 सालीं सरोवराचें नांव त्या यादींतून निघालें. मुख खणण्याबरोबरच वरच्या पाणलोटांत गांवकऱ्यांच्या साह्यानें माती अडविण्याचें कामही करण्यांत आलें, हें विशेष ध्यानांत घ्यावें.

दुसरें दुखणें माणसांनीं केलेलें आहे. कोळंबीला परदेशीं भाव येतांच धनिकांनीं सरोवरांत बांध घालून घेरे केले व पिढ्यान्‌पिढ्यांचे मच्छीमार बाहेर पडले. सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं सरोवरापासून 1000 मीटरांच्या आंत कोळंबीशेतीस बंदी केली. तरी घेरे राहिले. ते मोडण्याच्या चळवळींतून उद्भवलेल्या तंट्यांत 29 मे 1999 रोजीं सोरणा येथें पोलिसांचा गोळीबार होऊन 4 माणसें मेलीं. आपल्या गायरानांचें व तळ्यांचें काय होत आहे, हें ज्यानें त्यानें मनाशीं ताडून पाहावें.

परत आल्यावर ओढ्यालगतचा फुटका बांध प्रथम दुरुस्त केला. आपल्या शेतांतून वाहून गेलेली माती आपलें नुकसान करितेच. पण ती पुढें कोणाच्या दारीं जाऊन पडते, याचाही विचार शेतकरीबंधूंनीं पावसाळ्यापूर्वीं करावा, इतकीच विनंति आहे.