नव्या रायफलीचा नेम कसा जुळवतात?

दुकानातून आणलेली नवी रायफल लगेच अचूक नेम साधेल, हा समज चुकीचा आहे. नळी, दस्ता, दुर्बीण आणि काडतूस हे चार घटक एकमेकांशी जुळल्याखेरीज उत्तम रायफलही भरवशाची ठरत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. त्यामुळे येथे या विषयाची चर्चा क्वचितच होते. नॉर्वेसारख्या देशात मात्र शिकार नियमांच्या चौकटीत चालते आणि तेथे या जुळणीला नैतिक महत्त्व आहे. नेम चुकला, तर मूस किंवा रेनडिअर जखमी अवस्थेत जंगलात निघून जातो आणि तडफडून मरतो. म्हणूनच तेथे मोठ्या प्राण्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवरून झाडलेल्या पाचही गोळ्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसाव्या लागतात.

जुळणीची सुरुवात दुर्बिणीपासून होते. ती रायफलीवर घट्ट आणि सरळ बसलेली हवी. त्यानंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरील लक्ष्य पाहतात आणि दुर्बिणीतील फुली त्याच बिंदूवर आणतात. एवढ्याने पहिली गोळी निदान कागदावर पडते. पुढची अचूक जुळणी १०० मीटरवर, रायफल भक्कम आधारावर टेकवून केली जाते.

येथे एका गोळीवर विसंबून चालत नाही. किमान तीन गोळ्या झाडून त्यांचा पुंजका पाहावा लागतो. पुंजका दाट असून एका बाजूला पडत असेल, तर दोष केवळ दुर्बिणीच्या जुळणीचा असतो. अनेक युरोपीय दुर्बिणींत चकतीचा एक खटका १०० मीटरवर एक सेंटिमीटरचा फरक पाडतो. पुंजक्याचा मध्य आठ सेंटिमीटर खाली आणि पाच सेंटिमीटर डावीकडे असेल, तर आठ खटके वर आणि पाच उजवीकडे फिरवले की काम होते. पुंजकाच विखुरलेला असेल, तर मात्र चकती कितीही फिरवून उपयोग नसतो. अशा वेळी दोष अन्यत्र शोधावा लागतो.

हा शोध सोप्याकडून अवघडाकडे जातो. आधी सर्व स्क्रू तपासायचे. मग काडतूस बदलून पाहायचे. एकाच वजनाची गोळी असूनही दोन कंपन्यांच्या काडतुसांचे परिणाम वेगळे असू शकतात. त्यानंतर दस्ता. गोळी सुटताना नळी कंप पावते. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगून नळीला टेकला, तर हा कंप दर वेळी बदलतो आणि गोळ्या भरकटतात. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, की ती कोठे अडते ते कळते. लाकूड घासून तेथे मोकळी जागा करता येते. नळीमागचा यंत्रभाग दस्त्यात हलत असेल, तर त्याखाली इपॉक्सीचा पक्का थर बसवतात. चापाचे काम मात्र कसबी कारागिराकडेच द्यावे. अति हलका चाप धक्क्यानेही सुटू शकतो.

तापलेल्या नळीतून गोळी कधी कधी वेगळीकडे जाते. जंगलात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटते, त्यामुळे चाचणीतही नळी थंड होऊ द्यावी लागते.

क्रीडा नेमबाजीतही हीच सूत्रे लागू पडतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. कोणत्या उत्पादन-तुकडीतील काडतुसे आपल्या नळीला मानवतात, हे असे नेमबाज चाचणी घेऊन ठरवतात.

आधारावर साधलेली अचूकता ही रायफलीची असते; उभ्याने, धापा टाकत झाडलेल्या गोळीची अचूकता माणसाची असते. कोनातील चूक अंतरासोबत वाढते. १०० मीटरवर ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात जेमतेम बसणाऱ्या गोळ्या २०० मीटरवर ६० सेंटिमीटरभर पसरतात. म्हणूनच रायफल जुळवून झाली, की शिकाऱ्याने स्वतःची मर्यादाही मोजावी आणि त्या अंतरापलीकडे चापावर बोट नेऊ नये.