उपमा ऐकली, ती वापरायला शिकवली का?

पोटात गाठ असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया शक्य नाही. तीव्र किरणांनी गाठ नष्ट होईल, पण वाटेतले निरोगी भागही जळतील. सौम्य किरणांनी काहीच होणार नाही. मग काय करावे? जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचे हे कोडे प्रसिद्ध आहे. उत्तर असे : सौम्य किरण अनेक दिशांनी सोडावेत आणि ते गाठीवर एकत्र आणावेत.

मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना आधी एक गोष्ट दिली होती. किल्ल्याच्या रस्त्यांवर सुरुंग असल्याने सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करून त्यांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो. गोष्ट न वाचलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांनाच कोडे सुटले. ‘गोष्टीचा उपयोग करा’ असे सांगितल्यावर सुमारे ७५ टक्क्यांना सुटले. मात्र सांगितल्याशिवाय दुवा जोडणारे थोडेच निघाले. पुढे १९८३च्या अभ्यासात दोन सारख्या गोष्टींची तुलना करायला लावली, तेव्हा असे विद्यार्थी वाढले.

म्हणजे गोष्ट माहीत असणे पुरेसे नाही. तिचा सांगाडा ओळखता आला पाहिजे.

तथागतांची शिकवण्याची पद्धत इथे आठवते. अति परिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूला ते थेट उपदेश करत नाहीत. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तारा फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? उत्तरे सोणच देतो. मग भगवान ते साम्य त्याच्या साधनेशी जोडून दाखवतात.

३१ जानेवारी १९२०च्या ‘मूकनायक’मध्ये बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. ती आपल्या मुलांना पाठ असते. पण शिष्यवृत्ती जाहीर होते, अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा असतो आणि घरात मोबाइल नसतो, तेव्हा ‘मजला आहे, शिडी नाही’ हे त्यांना स्वतःहून दिसते का?

विहारातील रविवारच्या वर्गात गोष्ट संपल्यावर तीन प्रश्न जरूर विचारावेत. असेच आणखी कुठे घडते? दोन्हींत समान काय? आणि साम्य कुठे संपते? तिसरा प्रश्न टाळू नये. जातीच्या मनोऱ्यात शिडी मुळातच ठेवलेली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी विहारात मदत केंद्र सुरू करून ती आपण उभारू शकतो. हे मुलांनी स्वतः शोधले, तर उपमा पाठांतरापुरती उरणार नाही.