एक मागितली, दोन आल्या

वीस मिनिटं बसचा पत्ता नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ हजर. मुंबईत हे पाहिलं नाही असा माणूस विरळा. आपण ड्रायव्हरला बोल लावतो. दोष बहुतेकदा गणिताचा असतो.

समजा, दर १० मिनिटांनी बस सुटते. पहिली सिग्नलला अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर आणखी चार माणसं जमली. एखाद्या आजी भाजीची पिशवी सांभाळत चढणार, कुणी सुट्टे शोधणार. उशीर वाढला, म्हणून त्यापुढच्या थांब्यावर गर्दी आणखी. मागच्या बसला मात्र थांबे जवळजवळ रिकामे मिळतात. ती सुसाट येते आणि पहिलीला गाठते. म्हणूनच पहिली खच्चून भरलेली आणि दुसरीत चक्क खिडकी. (मी दुसरीच पकडतो.) न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली हे गणितात मांडलं.

उपाय उरफाटा वाटतो: मागच्या बसला मुद्दाम रोखून धरायचं. आतले प्रवासी वैतागतात, पण थांब्यावरच्यांचा फायदा होतो. बस १०-१० मिनिटांनी आल्या तर सरासरी ५ मिनिटं ताटकळावं लागतं. जोडीनं २० मिनिटांनी आल्या, तर १०.